दाढीवाला ब्लॉक

१७ ऑक्टोबर १९५४, रविवार

उरलेल्या कागदांची ही वही दसऱ्याला बांधून घेतली, रोज लिहायचं म्हणून. आज पहिल्यांदा उघडतोय. मुहूर्त असला मिळाला.

काल अंधेरीच्या बाजारात दिवसाढवळ्या माणूस भोसकला. गंजीफ्रॉक विकणारा फेरीवाला होता. हॉटेलात चहा पिता पिता मुसलमानांच्या पैगंबरांबद्दल काहीतरी अचकट बोलला. चारजण फिदीफिदी हसले आणि शेजारच्या बाकावरच्या एका तरुणाने उठून कांदे चिरायची सुरी त्याच्या पोटात खुपसली. दोनदा. दुसऱ्यांदा ती बाहेर निघेना म्हणतात.

हे सगळं मला दाऊदने सांगितलं. दाऊद सरखोत, रत्नागिरीच्या शाळेत सात वर्षं माझ्या बाकावर बसलेला माणूस. आता इथे शाळामास्तर आहे. सरळ माझ्या छापखान्यात आला तेव्हा त्याचा पायजमा गुडघ्यापर्यंत रक्ताने कडक झाला होता. डोकं उघडं. टोपी त्याने त्या माणसाच्या पोटावर दाबून धरली होती. माणूस इस्पितळाच्या वाटेवरच गेला.

"श्याम, सुरीवाला माझा विद्यार्थी रे," तो म्हणाला. "चौथीत मीच होतो त्याला."

"अरे, मग त्यात तुझा काय दोष?"

तर माझ्यावरच खेकसला. "कोणीतरी त्याला सांगितलं की शिवी ऐकली की सुरी काढायची. मी नाही सांगितलं. पण दुसरं तरी काय सांगितलं मी? पाढेच ना?"

बायकोने, माणिकने, माझं धोतर काढून दिलं. ते नेसून घरी गेला. पायजमा तिने राखेने तीनदा धुतला, डाग आहे तो आहेच.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

दाऊदने लिहून आणलं. सोळा पानांची पुस्तिका होईल. नाव 'दगड मारणाऱ्यांसाठी दुवा'.

मला वाचून दाखवली. त्यांच्या पैगंबरांना ताइफ नावाच्या गावात लोकांनी दगड मारून हाकललं, वहाणा रक्ताने भरल्या. फरिश्ता येऊन म्हणाला, हुकूम करा, हे गाव दोन डोंगरांत चिरडून टाकतो. ते म्हणाले, नको, ह्यांच्या पोटी उद्या चांगली माणसं येतील. हे वाचताना दाऊदचा आवाज बसला. मी म्हटलं, एवढं पुन्हा वाच.

"पुढचं ऐक," तो म्हणाला. "लोक त्यांना वेडा म्हणाले, जादूगार म्हणाले, खोटारडा म्हणाले. आमच्या किताबात ते सगळं नोंदलंय, पुसून नाही टाकलं. आणि जिथे टिंगल चाललीय तिथे आपण काय करायचं? उठून जायचं. ते दुसरं काही बोलायला लागले की परत येऊन बसायचं. बस्स. सुरी कुठे आहे ह्यात?"

"मग तुमचे मौलवी उलटं का सांगतात?"

"काही सांगतात. दाखले त्यांच्याकडेही आहेत, श्याम, मी लपवणार नाही. मी माझे दाखले लिहिलेत. त्यांनी त्यांचे लिहावेत. पण शाईने."

वा! मी तिथल्या तिथे म्हटलं, ही पुस्तिका माझ्याच ट्रेडल यंत्रावर निघणार आणि अशी देखणी काढतो की बघत राहशील. स्टेशनाजवळच्या कोळशाच्या वखारीचे इब्राहीम खतीब, त्यांच्या जमातीचे वडीलधारे, त्यांनाही त्याने वाचून दाखवलीय. म्हातारा म्हणाला, मला सगळं पटलं नाही, पण ईदे-मिलादच्या जुलुसात वाटून टाक, मी बघतो कोण काय म्हणतो ते.

स्वातंत्र्य मिळून सात वर्षं झाली. लेखनस्वातंत्र्यासाठी आपणही काही केलं, असं आज पहिल्यांदा वाटलं.

२४ ऑक्टोबर, रविवार

दाऊदने प्रुफं वाचली. दिवाळीच्या सुट्टीत हर्णैला गावी चाललाय, ईदच्या दिवशी सकाळच्या बोटीने परत. जाताना म्हणाला, "मुखपृष्ठावर नुसतं नाव टाक हां. साधं." बघतो म्हटलं. मास्तर लोकांना छपाईतलं काय कळतं!

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

मुखपृष्ठ लावलं. हिरवा जाड कागद खास आणवला. वर नाव, खाली दाऊदचं नाव, मधे इतकी मोठी रिकामी जागा की बघवेना. संतसत्पुरुषाचं पुस्तक आणि वर चित्र नाही? एवढ्या वर्षांत एकही स्तोत्र, एकही आरतीसंग्रह, एकही गाथा मी बोडकी काढलेली नाही. चित्र म्हणजे मान. उघडायच्या आधी माणसाने कपाळाला लावायला नको?

चित्रांच्या ठशांच्या पेटीत दाढीवाला ब्लॉक होता. काय चेहरा आहे! शांत डोळे, छातीपर्यंत दाढी, डोक्यामागे तेजाचं वर्तुळ. भृगू ऋषी म्हणून दोनदा वापरला, एका भजनी मंडळासाठी एकदा, आणि त्या खोकल्याच्या काढ्याच्या लेबलावर तर गेली चार वर्षं चालतोय. जटा कानशीने घासून घालवल्या, वर फेट्याच्या दोन रेघा कोरल्या. झकास जमलं.

आमचा म्हातारा कंपोझिटर सहदेव मधेच तोंड घालतो. "मालकांनू, तेंच्यात फोटो चालता काय?"

"अरे, मूर्ती चालत नाही. चित्र म्हणजे मूर्ती नव्हे. कोपऱ्यावरच्या इराण्याच्या हॉटेलात गल्ल्यामागे हार घातलेला फोटो लागलाय, दाढी, तेजोवलय, सगळं. इराणी म्हणजे मुसलमानच ना? रोज उदबत्ती लावतो तो. डोळे फुटले काय तुझे?"

"मास्तरांका इचारलात?"

"विचारून मग गंमत काय राहिली? खिळे जुळव तू."

ट्रेडलवर पाय मारताना त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. माणिकला पहिली प्रत दाखवली. ती म्हणाली, "अहो, हा काढ्याच्या बाटलीवरचा म्हातारा ना?" बायकांना चित्रातले भाव कळत नाहीत, बाटली तेवढी कळते.

८ नोव्हेंबर, सोमवार

पाचशे प्रती वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून, खतीबसाहेबांच्या वखारीत पोचवल्या. म्हातारा सुतळी सोडायला लागला. मी म्हटलं, उद्या दाऊदच्या समोरच सोडा, गंमत आहे. हसले आणि ठेवून दिल्या.

९ नोव्हेंबर, मंगळवार

दौत कलंडली, म्हणून पेन्सिलीने लिहितोय.

दहा वाजता जुलूस वखारीपाशी जमला. हिरवे झेंडे, अत्तर, सरबताची पिंपं. दाऊद बोटीवरून थेट आलेला, काखेत वळकटी. मी समोरच्या पानवाल्याजवळ मुद्दाम उभा राहिलो, त्याचा चेहरा बघायला. कोणीतरी सुतळी दातांनी तोडली. पुस्तिका हातोहात गेल्या आणि बघता बघता आवाज बंद झाला. ढोलावर थाप टाकणाऱ्याचा हात वरच्या वर राहिला.

दाऊदच्या हातात एक आली. त्याने मुखपृष्ठ पाहिलं. मग मान वर करून रस्त्यापलीकडून सरळ माझ्याकडे पाहिलं. मी हात हलवला. मला वाटलं, भरून आलंय त्याला. त्याने नजर काढून घेतली आणि पुस्तिका उलटी करून सदऱ्याच्या आत घातली.

"ये किसने किया?" कोणीतरी ओरडलं. मग दहाजण ओरडले.

"मैंने," दाऊद म्हणाला. "किताब मेरी है. सब मेरा है."

पहिला फटका झेंड्याच्या बांबूचा, कानावर. तो गुडघ्यांवर बसला. दुसरा तोंडावर बसला तेव्हा लाकूड फुटल्यासारखा आवाज मला रस्त्याच्या ह्या बाजूला ऐकू आला. मग तो दिसेनाच, नुसते पाय खाली-वर होताना दिसत होते. एकाने त्याचा उजवा हात ओढून फुटपाथच्या कडेवर धरला आणि दुसऱ्याने सरबताचा बर्फ फोडायच्या दांडक्याने तो ठेचला. चार घाव. मी मोजले. खतीबसाहेब "अरे हरामखोरांनो, मास्तर आहे तो!" म्हणत दाऊदच्या अंगावर आडवे पडले, तर त्यांचंही डोकं फुटलं. सरबताचं पिंप कलंडलं आणि लाल पाणी सगळ्यांच्या पायांतून वाहत गटारात गेलं.

मी पळालो. खरं ते लिहितो. चपला तिथेच राहिल्या.

शेवटी वर्सोव्याच्या रस्त्यावरच्या बशीरमियां बेकरीवाल्याने त्याला पावाच्या हातगाडीवर घालून इस्पितळात नेलं, असं मागून कळलं.

एका माणसाने, एकानेही, पान उलटलं नव्हतं. वाचायच्या आधीच मारायला सुरुवात! दाऊदच्या नुसत्या विचारांचं एवढं भय ह्या लोकांना! माझं रक्त उकळतंय.

११ नोव्हेंबर, गुरुवार

इस्पितळात जाऊन आलो. ओळखू येत नाही. जबडा तारेने बांधलाय, उजवा हात मनगटापासून कापूस आणि पट्ट्यांचा गोळा. डॉक्टर म्हणाले, पोटात रक्तस्राव आहे, सांगता येत नाही. दाऊदची बायको, हलिमावहिनी, पलंगाशी बसल्या होत्या. मी "वहिनी" म्हटलं तर त्यांनी पदर डोळ्यांवर ओढला. दुःखाने माणसाला सुचत नाही.

दाऊदने मला पाहून डाव्या हाताने खूण केली. उशाशी कागद-पेन्सिल होती. मोठ्या कष्टाने पेन्सिल धरली, एक अक्षर काढलं, 'चि' की 'वि' असं काहीतरी. मला बघवेना. मी त्याच्या हातून पेन्सिल काढून घेतली, म्हटलं, "आता काही लिहू नकोस राजा. तू लिहायचं ते लिहिलंस. आता आम्ही बोलतो." त्याने डोळे मिटून घेतले. कडेने पाणी आलं. मैत्री म्हणतात ती ही.

घरी आलो तर गल्लीतला भाऊ जयवंत बसलेला. भाऊची तालीम आहे, हाताशी शंभरेक जवान पोरं. म्हणाला, "श्यामकांत, यार, लेखकाचा हात ठेचतात आणि आपण बांगड्या भरून बसायचं? रविवारी सभा घेऊ. लेखनस्वातंत्र्यावर. तू बोल. तू छापलंयस ना?"

मला ह्याआधी सभेला कोणी बोलावलेलं नाही. हो म्हटलं. माणिक आतून म्हणाली, "भाऊंनी ती पुस्तिका वाचली का हो?" सगळ्यांच्या देखत असलं बोलायची हिची सवय कधी जाणार?

१४ नोव्हेंबर, रविवार

सभा चारला. तालमीच्या मैदानात सातआठशे माणूस. मी अर्धा तास बोललो. शब्द आपोआप सुचत गेले. म्हटलं, जो हात लेखणी मोडतो तो हात शाबूत राहता कामा नये. टाळ्या थांबेनात. भाऊने माझा हात धरून उंच केला.

इथपर्यंत लिहायला बरं वाटतं.

सभेतून पोरं निघाली ती वर्सोव्याच्या रस्त्याला लागली. मला वाटलं मिरवणूक. मी मागोमाग होतो, गळ्यात हार. बशीरमियांच्या बेकरीचं दार त्यांनी बाहेरून कडी घालून बंद केलं आणि सरपणाच्या ढिगावर रॉकेल ओतलं. आतून दारावर धक्के बसत होते. एक हात खिडकीच्या गजांतून बाहेर आला, पिठाने पांढरा, आणि एका पोराने त्यावर लाठी मारली. तो पोरगा सभेत पहिल्या रांगेत बसून माझ्या वाक्यावाक्याला टाळी देत होता. मी "अरे थांबा, अरे हे नव्हे!" ओरडलो. खूप ओरडलो. माझ्याकडे बघून ते हसले आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या.

शेजारच्या कोळ्यांनी कुऱ्हाडीने मागची भिंत फोडली. बशीरमियां निघाला, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले. त्याचा भाऊ नाही निघाला. करपलेल्या पावाचा वास अजून माझ्या कपड्यांना आहे.

मी बेकरीचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. मी लेखनस्वातंत्र्यावर बोललो.

१५ नोव्हेंबर, सोमवार

जमावबंदी. छापखान्याची एक खिडकी फुटली. दगड कोणत्या बाजूचा, कळायला मार्ग नाही.

भिंतींवर नोटिसा चिकटवलेल्या दिसल्या तर सहदेवला म्हटलं, काय रे हे लोक, एका पुस्तिकेतल्या विचारांवरून केवढा आगडोंब! सहदेवने खिळे ओळीत लावायचा हातातला स्टिक खाली ठेवला. चाळीस वर्षं खिळे जुळवणारा माणूस, स्टिक कधी खाली ठेवत नाही.

"मालकांनू, इचार कोणी वाचलो? चित्रामुळे झाला सगळा. तेंच्या पैगंबरांचा चित्र काढूचा नसता. कोणीच, कधीच. आणि तुमी घातलात कोण, तर काढ्याच्या बाटलीवरचो. ही बाटली हंय घराघरांत हा. लोकांका वाटला, मास्तरांनी मुद्दाम थट्टा केली."

"आणि इराण्याच्या हॉटेलात?"

"मी जाऊन इचारलंय तेका. तो पारशी. फोटो तेंच्या झरतुष्ट्राचो."

 कागदाच्या रिमावर बसलो. म्हटलं, मला काय ठाऊक? मी तर मान दिला! सहदेवने स्टिक उचलून पुन्हा खिळे लावायला घेतले. "मास्तरांका इचारलात?" असं तेव्हा विचारलं होतं, ते पुन्हा विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी त्याला शिव्या तरी घातल्या असत्या.

मग दाऊदने माझ्याकडे पाहिलं होतं ते आठवलं. आणि मी हात हलवला होता.

ब्लॉक पेटीतून काढून कपाटात धोतरांखाली ठेवला. वितळवून टाकावा म्हटलं, हात धजला नाही.

१७ नोव्हेंबर, बुधवार

हलिमावहिनी आल्या. ओट्यावर उभ्याच. माणिकने हाताला धरून आत आणलं तरी पाट घेतला नाही. ईदनंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या.

"डॉक्टर म्हणतात, आता दोन-चार दिवस. जमातीतले लोक म्हणतात, ज्यानं पैगंबरांची थट्टा केली त्याला आमच्या कबरस्तानात जागा नाही. श्यामभाऊजी, त्यांची आई तिथं आहे. आमची लेक तिथं आहे, दोन वर्षांची गेली ती." पदर सावरला. "मी तुमच्याकडं दुसरं काही मागत नाही. चित्र कोणी घातलं ते मशिदीत येऊन सांगा. एवढंच. बाकी आमचं आम्ही बघू."

"दाऊद का नाही सांगत?"

"ते म्हणतात, आमच्या तोंडून हिंदू छापखानेवाल्याचं नाव निघालं तर अंधेरी पेटेल. मलाही शपथ घातलीय, डाव्या हातानं लिहून. ती मोडून आलेय इथं."

येतो म्हटलं. शुक्रवारी, नमाजला सगळे असतील तेव्हा येतो. वहिनी मान हलवून गेल्या.

माणिक म्हणाली, "आजच का नाही?" तिला काय सांगू? आज बशीरमियांच्या भावाचे दिवस चाललेत, माथी भडकलेली आहेत. शिवाय भाऊ जयवंतच्या कानावर गेलं की मी मशिदीत माफी मागतोय, तर तोच मला फाडून खाईल. आणि छापखाना? सहदेवने कुठे जायचं ह्या वयात? सगळ्या बाजूंनी विचार करायला नको?

भ्यालोय मी. पाचावर धारण बसलीय. लिहून टाकलं एकदाचं.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी गेलो. ब्लॉक खिशात. मशिदीच्या फाटकापर्यंत गेलो. आत चपलांची रांग दिसत होती. त्यात एक जोड माझा होता, त्या दिवशी राहिलेला. कोणीतरी उचलून नीट वापरत होता. का कोण जाणे, ते बघून मी परत फिरलो.

पाच वाजता दाऊद गेला.

२० नोव्हेंबर, शनिवार

 पहाटे माणिकने माझा सदरा काढून ठेवला, त्यावर ब्लॉक ठेवला आणि म्हणाली, "जा."

वखारीत वीसेक माणसं सतरंजीवर बसली होती. मधे खतीबसाहेब, डोक्याला पट्टी. बशीरमियांही होता, दोन्ही हात गुंडाळलेले. दाऊदला कुठे न्यायचं ह्याचंच बोलणं चाललं होतं. एकजण म्हणत होता, कुर्ल्याला न्या, तिथे कोणी ओळखत नाही. मी उंबरठ्यात उभा राहून बोललो. आधी ठरवलेलं भाषण सगळं विसरलो.

"चित्र मी घातलं. दाऊद गावी होता. साधं ठेव म्हणून सांगून गेला होता, मी ऐकलं नाही. त्याने ते पहिल्यांदा तुमच्यासमोरच पाहिलं. मला वाटलं, मान होतो चित्राने. हा तो ब्लॉक."

ब्लॉक सतरंजीवर पालथा ठेवला.

 मग एकजण उठला, त्या दिवशी दांडका ह्याच्याच हातात होता. त्याने माझ्या तोंडावर मारलं. दात हलला, सदरा लाल झाला. त्याने पुन्हा हात उगारला आणि तसाच ठेवला, मग स्वतःच्याच तोंडावर मारून घ्यायला लागला. चौघांनी धरलं. "मैंने उसका हाथ तोडा," एवढंच बडबडत होता. त्याला बाहेर नेलं.

खतीबसाहेबांनी गादीखालून पुस्तिका काढली. मुखपृष्ठ फाडून टाकलेलं, आतली पानं बोटांनी मळलेली. तीत इस्पितळातला एक कागद होता. वाकडी अक्षरं, डाव्या हाताची. मला वाचायला दिला. 'श्याम स्वतः येईल. त्याने सांगितलं म्हणजे कोणी पेटणार नाही. तोवर नाव घेऊ नका. त्याला मारू नका.'

"अकरा तारखेला दिला," खतीबसाहेब म्हणाले. "तुम्ही इस्पितळात येऊन गेलात त्याच संध्याकाळी. तुमच्यासाठीच लिहीत होता म्हणे, तुम्ही पेन्सिल काढून घेतली. रोज मला डोळ्यांनी विचारायचा, आला का? मी नाही म्हणायचो. परवा वहिनींनी सांगितलं, शुक्रवारी येतो म्हणालेत. मग काल दुपारी विचारलं तेव्हा मी म्हटलं, हो. आला होता. सगळ्यांसमोर बोलला."

 खाली बसलो.

"त्यावर झोपला तो. खोटं बोललो मी, ह्या वयात. आणि कबर? ती मी परवाच खणून घेतलीय, लेकीच्या शेजारी. हे बसलेत सगळे वाद घालत. मला अडवणारा कोण आहे इथे?"

मग बशीरमियां उठला. माझ्याकडे न बघता बाहेर गेला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. एकेक करून सगळे उठले. खतीबसाहेबही उठले, पुस्तिका 'उठून जायचं' ह्या पानावर उघडी ठेवली, आणि भिंतीला धरून गेले. वखारीत मी, ब्लॉक आणि कोळशाचे ढीग. तोंडातलं रक्त मी गिळत होतो, सतरंजीवर पडू नये म्हणून.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. उन्हाची तिरीप माझ्या गुडघ्यापर्यंत आली होती. खतीबसाहेब परत आले. माझ्यासमोर येऊन बसले. मागून बशीरमियां आला, तोही जरा लांब का होईना, बसला. कोणीतरी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. खतीबसाहेब म्हणाले, यंदा कोळशाची वॅगन कल्याणलाच अडकून पडलीय, आठ दिवस झाले. बशीरमियां म्हणाला, सरपणही महाग झालंय. मग दोघं हर्णैच्या बोटीबद्दल बोलत राहिले, ह्या वर्षी वेळेवर येते की नाही.

मला कळेना, दाऊद पलीकडच्या घरात पांढऱ्या कापडात पडलाय आणि ही माणसं वॅगनचं आणि बोटीचं काय बोलतायत माझ्याशी. डोकं फिरलं की काय ह्यांचं. पण मी हो हो म्हणत राहिलो. बोट हल्ली उशीरच करते, असंही म्हणालो.

मग बाहेरून हाक आली, जनाजा निघतोय. खतीबसाहेबांनी उठायला माझ्या खांद्याचा आधार घेतला.